संडासवाटे रक्त म्हणजे दरवेळी मूळव्याध नव्हे! आतड्याच्या कॅन्सरची तपासणी गावात कधी?

आशाताई घरोघरी येऊन तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न असतात. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलावतात. केंद्राच्या 2016 च्या सूचनांनुसार यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी होते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यात नाही. आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे त्यामागचं एक कारण.

जपानमध्ये मात्र 1992 पासून चाळिशीपुढच्यांची शौचतपासणी होते. इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी किट टपालाने घरी येतं. तपासणीचं नाव 'फिट'. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. सुई नाही, पथ्य नाही. नमुना घरीच घ्यायचा. आतड्यातल्या साध्या गाठीचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. तेवढ्यात गाठ काढली तर कॅन्सरच टळतो.

आशिया-पॅसिफिक भागासाठी प्रश्नावलीही तयार आहे. वय 50 ते 69 असेल तर 2 गुण, 70 व पुढे 3, पुरुष 1, विडी-सिगारेट 1, आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला हा आजार असेल तर 2. चार किंवा जास्त गुण म्हणजे धोका जास्त. असे चार प्रश्न आशाताईंच्या फॉर्ममध्ये सहज बसतील.

पण घोडं पुढेच अडतं. 'फिट' पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. खात्रीसाठी दुर्बिणीने आतडं तपासावं लागतं. ती सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात नसते. गावोगाव किट वाटली आणि दुर्बिणीसाठी शहरात हेलपाटे मारायला लावले, तर माणूस अर्ध्यातच सोडून देणार. म्हणून आधी जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीची सोय, मग किट, हाच क्रम बरोबर.

तोवर लाजेपायी दुखणं अंगावर काढू नये. संडासवाटे रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, विनाकारण घटणारं वजन किंवा रक्त कमी होणं, यातलं काही असेल तर मूळव्याधीचं औषध परस्पर घेऊ नका. आधी सरकारी दवाखाना गाठा. लक्षणं असतील तर 'फिट' निगेटिव्ह आली म्हणून गप्प बसायचं नाही.