पेंग्विनांचं वकीलपत्र

गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एका गृहस्थांचं पडद्यावरच्या चित्रांसह व्याख्यान झालं. गृहस्थ अंटार्क्टिकाला जाऊन आले होते. जाऊन आले याबद्दल माझी तक्रार नाही. दोन वर्षांपूर्वी मीही गेलो होतो, आणि त्यासाठी मोडलेल्या मुदतठेवीचा विषय आमच्या घरात अजून निघतो. तक्रार आहे ती येताना त्यांनी जे आणलं त्याची. तिथून साधा खडासुद्धा उचलायचा नाही असा नियम आहे. गृहस्थ पेंग्विनांचं वकीलपत्र घेऊन आले.

त्यांची बाजू अशी. जो पाहतो त्याचं प्रेम जडतं, ज्याचं प्रेम जडतं तो राखतो. तेव्हा ज्याला परवडेल त्यानं तिथं जावं आणि त्या खंडाचा राजदूत होऊन परतावं. आपण नाही गेलो म्हणून बोट थोडीच थांबणार आहे? शिवाय नियम इतके कडक की आपल्या जाण्यानं काडीचंही बिघडत नाही. बर्फ वितळतोय, तो वितळायच्या आत पाहून घ्यावा. आणि ध्रुवीय शोधक शॅकल्टनच्या वाटेनं गेल्याचं समाधान वेगळंच. ‘ही सहल नव्हती, साधना होती,’ असं म्हणून त्यांनी हात जोडले. टाळ्या झाल्या. मग चहा आणि बटाटेवडा.

साधना! उश्वाया बंदरातून बोट निघाली की ड्रेक पॅसेज ओलांडायला दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळात बोटीच्या मार्गिकांमधल्या कठड्यांना ओकारीच्या कागदी पिशव्या ओळीनं खोचून ठेवलेल्या असतात. साधनेचा भाग म्हणायचा तर एवढाच. बाकी तीन वेळचं जेवण, आइस्क्रीमचे चार प्रकार आणि सॉना. शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज १९१५ साली वेडेल समुद्रातल्या बर्फात चिरडून बुडालं. त्याची बावीस माणसं एलिफंट बेटावर उलट्या होड्यांखाली साडेचार महिने राहिली आणि सील नि पेंग्विन खाऊन जगली. त्यांची वाट ती आणि आमची ही, एवढं बोलून शॅकल्टनना सोडू.

‘बोट थोडीच थांबणार आहे’ हे रांगेत घुसणारा प्रत्येक माणूस म्हणतो. पुढे.

वितळायच्या आत पाहून घ्या, हे मात्र ऐकवत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आत्याला ‘एकदा बघून या’ म्हणून माणसं येतात, खोलीत दाटी करतात, पंखा बंद करायला लावतात आणि जाताना चहा बरा होता म्हणतात, त्यातला हा प्रकार. २०२२ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. २०१६ ते २०२० या काळात तिथं गेलेल्या माणसांमागे, मुख्यतः बोटींच्या धुरातल्या काजळीमुळे, माणशी सुमारे ८३ टन बर्फ लवकर वितळला, असा त्यातला अंदाज आहे. जड तेल वापरायला तिथल्या समुद्रात २०११ पासून बंदी आहे, तरी ही काजळी. म्हणजे आत्याला बघायला जायचं आणि जाताना तिचा प्राणवायूही थोडा ओढायचा. माझेही ८३ टन त्यात आहेत, हे नोंदवून ठेवतो.

आता नियम. ते कडक आहेत, खरंच आहेत, आणि ते पाळून घेणाऱ्या पोरापोरींबद्दल मला आदर आहे. उतरायच्या आदल्या दिवशी आम्हाला जॅकेट, विजार, कॅमेऱ्याची पिशवी घेऊन खाली बोलावलं. व्हॅक्यूमच्या नळीनं खिसे उलटे करून साफ केले. माझ्या विजारीच्या वेल्क्रोत कुसळं अडकली होती, बहुधा सिंहगडावरची. एका मुलीनं चिमट्यानं ती एकेक उपटून कागदाच्या पुडीत घातली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेत नखं तपासणाऱ्या बाई आठवल्या. किनाऱ्यावर एका वेळी शंभराच्या वर माणसं नाहीत. पाचशेपेक्षा जास्त प्रवाशांच्या बोटीला माणसं उतरवताच येत नाहीत. पेंग्विनपासून पाच मीटर दूर. खाऊ न्यायचा नाही, त्यामुळे आमच्या गटातल्या काकूंचा चिवडा बोटीवरच राहिला. बर्ड फ्लूच्या भीतीनं जमिनीवर टेकायचंसुद्धा नाही. आणि ती भीती खोटी नव्हती, २०२४ च्या फेब्रुवारीत तो विषाणू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडलाच. हे सगळं चांगलंच आहे. पण जिथं काडीचंही बिघडत नाही तिथं विजारीतली कुसळं चिमट्यानं काढत नाहीत. आणि ‘एक्सप्लोरर’ हे छोटं जहाज, खास या सहलींसाठी १९६९ साली बांधलेलं, २००७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथंच बर्फावर आपटून बुडालं. सगळी १५४ माणसं वाचली. डिझेल समुद्रात गेलं.

हे सगळं किरकोळ होतं. माझं खरं भांडण पहिल्या वाक्याशी आहे. पाहिलं की प्रेम जडतं, प्रेम जडलं की राखलं जातं. कोणी सांगितलं?

१८१९ साली विल्यम स्मिथ या इंग्रज दर्यावर्दीला दक्षिण शेटलंड बेटं दिसली. किनाऱ्यावर फर सील पसरलेले होते. बातमी फुटली, शिकारी जहाजं धावली, आणि मोजक्या हंगामांत तिथले सील जवळजवळ संपले. त्या शिकाऱ्यांइतकं जवळून सील कुणी पाहिले असतील? आमच्या बोटीनं डिसेप्शन बेटावर नेलं. ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात बोट शिरते आणि आत काळ्या वाळूचा किनारा लागतो. तिथं व्हेल उकळून तेल काढायच्या कारखान्याच्या गंजलेल्या टाक्या उभ्या आहेत. ते कामगार वर्षानुवर्षं तिथं गेले. रोज बर्फ पाहिला, रोज व्हेल पाहिले. आमच्यातल्या निम्म्यांनी टाक्यांपुढे फोटो काढले.

आणि जोसेफ हॅच. हे नाव व्याख्यानात आलं नाही, येणारही नव्हतं. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकारगिलचा हा व्यापारी. गावाचा नगराध्यक्षही होऊन गेलेला. त्याची माणसं टास्मानियाच्या ताब्यातल्या मॅक्वारी बेटावर राहायची, लाखो पेंग्विनांच्या शेजारी. त्यांनी पेंग्विन पाहिले, त्यांची चाल पाहिली, पिलांना भरवणं पाहिलं, आणि पेंग्विन हाकत नेऊन भल्यामोठ्या वाफेच्या भट्ट्यांत घातले. एका पक्ष्यामागे साधारण अर्धा लिटर तेल. १८९० च्या सुमारास सुरू झालेलं हे काम पहिल्या महायुद्धानंतर टास्मानिया सरकारनं परवाना वाढवून दिला नाही तेव्हा थांबलं. त्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत ध्रुवीय संशोधक डग्लस मॉसन होते आणि ते तिथं जाऊन आले होते, हे गृहस्थांच्या बाजूनं मान्य करतो. पण वर्तमानपत्रांच्या ज्या वाचकांचा संताप सरकारला जड गेला त्यांतल्या बहुतेकांनी पेंग्विन छापील चित्रातच पाहिला होता.

पुढचंही तसंच. अंटार्क्टिक करारावर बारा देशांच्या सह्या १ डिसेंबर १९५९ ला वॉशिंग्टनमध्ये झाल्या. सहली काढणारे लार्स-एरिक लिंडब्लाड पर्यटकांची आपली पहिली मोहीम घेऊन गेले ते १९६६ साली, म्हणजे करार झाल्यावर सात वर्षांनी. १९८८ मध्ये तिथं खाणकामाला वाट देणारा मसुदा तयार झाला होता. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सनं अंग काढून घेतलं, तो बारगळला, आणि १९९१ च्या माद्रिद करारानं खाणकामच बंद केलं. तेव्हा तिथं जाणारे पर्यटक वर्षाला काही हजार असायचे. आता लाखाच्या वर जातात. एवढे राजदूत झाल्यावर काम किती सोपं व्हायला हवं होतं!

झालंय का? क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा थोरला भाऊ. पेंग्विन त्यावर जगतात, व्हेल त्यावर जगतात. पेंग्विनांची विष्ठा गुलाबी असते ती त्यामुळेच. तो मोठाल्या जहाजांनी उपसतात, त्याचं माशांचं खाद्य होतं आणि तेल काढून कॅप्सूलही भरतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ६ लाख २० हजार टनांची मर्यादा गाठली म्हणून ती मासेमारी हंगाम संपायच्या आधी थांबवावी लागली. ही माहिती मला बोटीवर मिळाली नाही. बोटीवर मला एवढंच दिसलं की न्याहारीच्या टेबलावर शेजारचे एक निवृत्त अधिकारी रोज एक लालभडक कॅप्सूल घेत. गुडघ्यांसाठी. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली, तेव्हा वाचलं: क्रिल तेल. खिडकीबाहेर त्याच वेळी पाचसहा पेंग्विन पाण्यातून उड्या मारत चालले होते आणि अधिकारी ‘किती गोड, किती गोड’ म्हणत होते. अशिलाच्या ताटातलं जेवून अशिलाचं कौतुक करणारा वकील मी एरवी कोर्टातही पाहिला नाही.

शेवटच्या रात्री आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली. गृहस्थांनी आपलं चौकटीत लावलंय, पडद्यावर दाखवलं. माझं गॅसच्या पुस्तकाच्या खणात आहे. आमच्या प्रवाशांचा व्हॉट्सॲप गट अजून चालू आहे. पहिला महिना फोटो. मग पेंग्विनावर लिहिलेलं ‘शुभ प्रभात’. मग कुणाच्या तरी नातवाचं बारसं. सध्या आइसलँडच्या सहलीवर बारा टक्के सूट. या दोन वर्षांत क्रिल हा शब्द गटात एकदाच आला, आणि तो मी टाकला होता. खाली हात जोडलेलं एक चित्र आलं. एक गोष्ट मात्र खरी: व्हेलच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे आमचे फोटो शास्त्रज्ञांना उपयोगी पडतात, प्रत्येकीचा नमुना वेगळा असतो. ते मी पाठवले. त्यासाठी प्रेम लागलं नाही, लांब पल्ल्याची लेन्स लागली.

हा वाद मी पूर्वी कासच्या पठाराबद्दलही घातलाय. तेव्हाही एका विद्वानांनी सांगितलं होतं की लोक फुलं पाहतील तर फुलं वाचवतील. लोक आले, फुलांत लोळले. मग कुंपण आलं, तिकीट आलं, रोजच्या माणसांची मर्यादा आली. विद्वान म्हणाले, बघा, जागृती झाली! मी तो वाद हरलो होतो, कारण त्यांचा आवाज मोठा होता.

व्याख्यान संपल्यावर दुसऱ्या टोकाचे एक जण मला दाराशी भेटले. म्हणाले, कशाला एवढे लाख घालायचे, भायखळ्याला राणीच्या बागेत पेंग्विन आहेत की. आहेत, पण ते हम्बोल्ट पेंग्विन. त्यांचं मूळ घर पेरू-चिलीचा किनारा. तिथं निवडुंग असतात, बर्फ नसतो. त्यांना पाहून अंटार्क्टिका पाहिल्याचं समाधान मानायचं तर नागपूरची संत्री खाऊन देवगड आटोपल्यासारखं होईल.

मग माझं म्हणणं काय? फारसं नाही. मौजेला मौज म्हणावं. क्यूव्हरव्हिल बेटावर मी एका जेंटू पेंग्विनकडे वीस मिनिटं पाहत उभा होतो. त्यानं शेजाऱ्याच्या घरट्यातला एक खडा चोचीत उचलला, आपल्या मादीपुढे ठेवला, वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि पुन्हा निघाला. तेवढ्यात मागून तिसऱ्यानं तोच खडा पळवला. वास कुजलेल्या मासळीचा, डोळे चुरचुरणारा. कुठल्याही पडद्यावर तो येत नाही. परतताना मऊ बर्फात माझा पाय मांडीपर्यंत गेला. तिथं असा खड्डा बुजवूनच पुढं जायचं असतं, नाहीतर पेंग्विन त्यात पडतो आणि त्याला बाहेर येता येत नाही. मी बुटानं बर्फ लोटून तो भरला. त्या प्रवासात मी पेंग्विनांसाठी केलेलं काम ते एवढंच, आणि खड्डा माझाच होता. मजा मात्र आली. आयुष्यात एकदा, लहान बोटीनं, स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या काजळीच्या हिशेबानं जावं. परवडत नसेल किंवा मन खात असेल तर जाऊ नये. पेंग्विनांना त्याचं वाईट वाटत नाही.

आणि वकील हवेच असतील तर ते गोव्यात आहेत. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतली माणसं ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांवर महिनोन्महिने काढतात. नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या अदिती पंत १९८३ च्या मोहिमेत गेल्या, त्या समुद्राच्या पाण्यातलं सूक्ष्म जीवन तपासायला. आमच्या मंडळानं अशा कुणाला बोलावलेलं मला आठवत नाही. त्यांच्याकडे चित्रं कमी आणि आलेख जास्त असणार.

परवा मंडळाचं पत्रक आलं. गृहस्थ आता जूनमध्ये स्वालबार्डला जातायत, ध्रुवीय अस्वलं पाहायला. आल्यावर अस्वलांवरही व्याख्यान आहे. तिथं २०२५ पासून अस्वलापासून निदान तीनशे मीटर दूर राहावं लागतं, आणि जूनअखेरपर्यंत पाचशे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. वकीलपत्रावर अशिलाची सही लागते. पाचशे मीटरवरून ती कशी घेतली, तेवढं विचारायचंय.