दोन दिवसांचें शहर

लंडनमध्यें मुलाकडे किंवा लेकीकडे दोनतीन महिने राहावयास गेलेल्या आईबापांपुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो. जावई म्हणतो, ‘येत्या शनिवारीं-रविवारीं युरोपांतलें एखादें शहर पाहून येऊं, कोणतें तें तुम्हींच सांगा.’ मग पॅरिस, रोम, व्हेनिस अशीं नांवें भराभर निघतात, कारण लहानपणापासून कानांवर पडलेलीं नांवें तींच. वयस्कर मंडळींच्या मनांत आणखीही एक विचार असतो, तो सहसा बोलून दाखविला जात नाहीं: पुन्हां येणें होईल न होईल, मग पाहावयाचें तें मोठेंच कां पाहूं नये?

हा विचार आम्हांस समजतो, पण पटत नाहीं. शुक्रवारीं सायंकाळीं निघून रविवारीं रात्रीं परतावयाचें, म्हणजे हातीं अट्ठेचाळीस तास आले असें वाटतें. त्यांतून दोन रात्रींची झोप वजा करावी. विमानानें जावयाचें तर घरापासून विमानतळ, तेथें दोन तास आधीं हजेरी, आणि उतरल्यावर पुन्हां शहर गांठणें. रोमचा मुख्य विमानतळ तर शहरापासून सुमारें तीस किलोमीटरांवर आहे. हें सर्व जातां-येतां दोन वेळां. पॅरिसला आगगाडीनें सुखानें जातां येतें हें खरें. परंतु तेथील एकटें लूव्हर संग्रहालयच सबंध दिवस घेतें, आणि तें पाहूनही पॅरिस पाहिलें असें म्हणवत नाहीं. मुलाला आठवड्यांतून हेच दोन दिवस मोकळे असतात. ते रांगेंत उभें राहून आणि घड्याळाकडे पाहत घालवावयाचे काय?

आमचें मत विचाराल तर बेल्जममधील घेंट येथें जावें. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यांतून जाणारी गाडी सुमारें दोन तासांत ब्रुसेल्सला पोंचविते, आणि तेथून घेंट अर्ध्या तासावर. शेजारचें ब्रूज अधिक नांवाजलेलें आणि देखणेंही आहे. पण दिवसभर तेथें यात्रेसारखी गर्दी लोटते. घेंटमध्यें विद्यापीठ आहे, बंदर आहे, स्वतःचा संसार आहे. तें पाहुण्यांच्या जिवावर जगत नाहीं, आणि हें तेथें गेल्यावर लगेच जाणवतें. जुन्या शहराच्या मध्यभागांत मोटारींना फारशी वाट नाहीं. सेंट मायकेलच्या पुलावर उभें राहिलें म्हणजे सेंट निकोलसचें देऊळ, नगराचा घंटामनोरा आणि सेंट बाव्होचें मुख्य देऊळ असे तीन मनोरे एका ओळींत दिसतात. खालीं नदीच्या कांठीं व्यापारी संघांचीं जुनीं घरें आहेत. बाराव्या शतकांतला सरदारी किल्ला तेथून चालत कांहीं मिनिटांवर. मात्र त्याच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखत असतील तर तो बाहेरूनच पाहावा.

पण घेंटला जावयाचें तें मुख्यतः एका चित्रासाठीं. सेंट बाव्होच्या देवळांतील अनेक फळ्यांचें हें चित्र हुबर्ट व्हान आइकनें आरंभिलें व त्याचा भाऊ यान यानें १४३२ सालीं पुरें केलें. मध्यभागीं वेदीवर एक कोंकरूं उभें आहे, आणि भोंवतीं इतकीं झाडें, फुलें व माणसें की प्रत्येक पान वेगळें मोजावें. या चित्रानें भोगलेंही पुष्कळ. फ्रेंच सैन्यानें मधल्या फळ्या पॅरिसला नेल्या. त्या १८१५ नंतर परत आल्या. १९३४ सालीं एक फळी चोरीस गेली, ती आजतागायत सांपडलेली नाहीं. तिच्या जागीं प्रतिकृति आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं सारें चित्र नेऊन ऑस्ट्रियांतील मिठाच्या खाणींत दडविलें. १९४५ सालीं तें तेथून सोडविण्यांत आलें. २०१२ सालीं सुरू झालेल्या दुरुस्तींत कोंकराच्या तोंडावरचा मागाहून चढविलेला रंग काढला, तेव्हां आंतून जवळजवळ माणसासारख्या डोळ्यांचें तोंड बाहेर आलें. तें कित्येकांस विचित्र वाटलें. आम्हांस तें जुन्यापेक्षां कितीतरी जिवंत वाटतें. एकाच चित्रासमोर तासभर बसण्याची चैन मोठ्या राजधानींत परवडत नाहीं, येथें परवडते. रविवारीं सकाळीं उपासना असते, म्हणून हें दर्शन शनिवारींच उरकावें.

खाण्याची काळजी आमच्या भगिनी प्रथम करतील. या नगरानें २००९ सालापासून गुरुवार हा शाकाहाराचा वार म्हणून पुरस्कारिला आहे. आपल्या शनिवार-रविवारांत तो येत नाहीं. पण शाकाहार म्हणजे काय हें तेथील खाणावळींस शिकवावें लागत नाहीं. एक मात्र ध्यानांत ठेवावें. बटाट्याचे तळलेले काप निरुपद्रवी दिसले तरी बेल्जममध्यें ते पुष्कळ ठिकाणीं गाईच्या चरबींत तळतात. विचारल्याविना घेऊं नयेत. पायांत चपला नकोत. रस्ते दगडी फरसबंदीचे आणि उंचसखल आहेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट व्हिसाची, आणि ती येथें भारतांतच व्हावयास हवी. ब्रिटन शेंगेन राष्ट्रांत मोडत नाहीं, म्हणून ब्रिटनचा व्हिसा बेल्जमांत चालत नाहीं. आणि पाहुणे म्हणून लंडनला गेलेल्यांचा शेंगेनसाठींचा अर्ज तेथील वकिलाती सहसा घेत नाहींत. अर्ज प्रवासाआधीं सहा महिन्यांपासून करतां येतो, आणि निदान पंधरा दिवस तरी आधीं करावाच लागतो. प्रौढांस नव्वद युरो शुल्क पडतें. मुलांनीं विमानाचीं तिकिटें काढतांनाच आईबापांना ही आठवण द्यावी. लंडनला पोंचल्यावर ती दिली तर घेंटऐवजीं ऑक्सफर्ड पाहावें लागेल.