चित्रं काढून पोट भरतं का?

मैत्रिणींनो, या खेपेला लोणची-पापड जरा बाजूला ठेवू या. नरसी नामदेवहून एका भगिनींचं चार पानी पत्र आलंय. त्यांची लेक बारावीत आहे, शास्त्र शाखेत. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत तिला अ श्रेणी मिळाली होती. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत तिनं घरात जाहीर केलं की मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय. वडील म्हणतात, नर्सिंग कर, चार वर्षांत हाताला काम लागेल. आजीचं तर स्थळं बघायचं चाललंय. आणि आई मधल्यामधे! त्या विचारतात, मी लेकीच्या बाजूनं बोलू, की तिची समजूत घालू? चित्रं काढून पोट भरतं का?

ताई, आधी मुलीच्या वडिलांविषयी बोलते. त्यांना कलेचं वावडं आहे असं तुमच्या पत्रावरून मला तरी वाटत नाही. दोन एकर हळद, पाठचा मुलगा शिकतोय, भाव कधी वर तर कधी खाली. अशा घरात बाप आधी पगार कुठून येईल हेच बघणार. त्यांच्याशी भांडून काही निघायचं नाही. ‘पोरीला आवड आहे हो’ एवढ्यानं त्यांचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. त्यांच्यापुढे हिशेब मांडायला हवा.

तो हिशेब असा. चित्रकलेच्या पदवीला बारावी कुठल्याही शाखेतून चालते, म्हणजे तिची शास्त्र शाखा काही वाया जात नाही. अभ्यासक्रम चार वर्षांचा, नर्सिंगच्या पदवीइतकाच. त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. तिच्यात स्मरणचित्र, वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि थोडं सामान्यज्ञान. हे अर्ज साधारणपणे बारावीच्या परीक्षेआधीच सुटतात, तेव्हा निकाल लागू दे मग बघू म्हणाल तर वर्ष हातचं जाईल. अर्ज भरला म्हणजे कॉलेजात घातलं असं होत नाही, एवढं पटवून अर्ज तेवढा भरून टाका. नर्सिंगचाही भरा. दोन्ही दारं उघडी राहिलेली बरी.

सरकारी कॉलेज तुम्हाला जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं. नागपूरलाही आहे. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 सालचं; 2023 पासून ते अभिमत विद्यापीठ झालंय, तेव्हा तिथल्या प्रवेशाची रीत त्यांच्याच माहितीपत्रकात पाहावी. खासगी कॉलेजांची फी मात्र नीट विचारून घ्या, आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असं फलकावर लिहिलेलं दिसलं तर दोन पावलं मागेच राहा. मुलींसाठी आणखी एक गोष्ट झाली आहे. 2024 पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, इतर मागासवर्ग वगैरे गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. ज्या कॉलेजात जाल तिथं ही माफी आपल्या अभ्यासक्रमाला आणि आपल्या प्रवेशाला लागू आहे का, हे कार्यालयात तोंडी नको, लेखी विचारा. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. फी माफ झाली तरी वसतिगृह, जेवण आणि रंग-कागद उरतातच. रंग-कागदाचा खर्च लहान नसतो बरं का! तो वहीत वेगळा मांडा.

आता नोकरीचं. पूर्वी चित्रकला म्हटलं की शाळेतला ड्रॉइंग मास्तर एवढंच डोळ्यांपुढे यायचं. त्या जागा आता मोजक्या आहेत, तिच्या भरवशावर मुलीला पाठवू नका. पाट्या रंगवणाऱ्यांचं काम फ्लेक्सनं नेलं, हे तुम्ही हिंगोलीच्या बाजारात बघताच. पण त्या फ्लेक्सवरची अक्षरं, मसाल्याच्या पाकिटावरचं चित्र, पुस्तकांची मुखपृष्ठं, साडीच्या काठाची नक्षी, मोबाइलवरच्या जाहिराती, हे सगळं कुणीतरी आखतंच ना? त्याला उपयोजित कला म्हणतात, आणि रोजगार बराचसा तिकडे आहे. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्याच जिल्ह्यातली ती हळद चांगल्या वेष्टनात विकायची म्हटली, तर ते वेष्टन आखणारं माणूस लागणारच. ते हिंगोली जिल्ह्यातलं का असू नये? मात्र पहिली दोन-तीन वर्षं कमाई थोडी आणि धावपळ फार, हे लेकीलाही सांगा. तिला फक्त मोठ्या चित्रकारांची प्रदर्शनं दिसत असतील.

मोठ्यांचा विषय निघालाच आहे तर बी. प्रभा यांचं नाव तिला सांगा. 1933 साली नागपूर जिल्ह्यातल्या बेला या गावी त्यांचा जन्म. आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकल्या, मग जे. जे.त. 1956 साली पहिलं प्रदर्शन झालं तेव्हा त्या शिकतच होत्या, आणि त्यातली तीन चित्रं डॉ. होमी भाभांनी घेतली. सुरुवातीला त्यांनी नव्या धर्तीची अमूर्त चित्रं करून पाहिली. नंतर त्यांना आपला विषय सापडला: कष्टकरी बाया, कोळणी, डोक्यावर भार घेतलेल्या, लांब मानेच्या, सडपातळ. 2001 साली त्या गेल्या. अशी बाई हजारांत एखादी, तेव्हा ‘आपली पोरही बी. प्रभा होणार’ असं वडिलांपुढे चुकूनही बोलू नका. पण खेड्यातली बाई हाच विषय एका खेड्यातून आलेल्या मुलीला पुढे घेऊन गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

कारण तुम्ही लिहिलंय की लेक हुबेहूब नट्या काढते, मोबाइलवर बघून बघून. पाहुण्यांना दाखवलं की सगळे वा वा म्हणतात. ताई, मला काळजी वाटते ती या वा वा ची. नक्कल करून हात तयार होतो, यात शंका नाही. जे. जे.तल्या विद्यार्थ्यांनीसुद्धा 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या आहेत. पण छापील फोटोत उजेड, खोली, पुढचं-मागचं सगळं आधीच कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. मुलीला ठरवायला उरतं काय? प्रवेश परीक्षेत पुढ्यात ठेवतात तांब्या-भांडं आणि कापड. तिथं मोबाइल नसतो.

तेव्हा तिला घरातलंच काढायला सांगा. हळद शिजताना उठणारी वाफ, खळ्यात वाळत घातलेली हळकुंडं, ओट्यावर झोपलेली आजी. (आजीला आवडेल. स्थळं शोधायचं थोडं थांबेलही!) आषाढीनंतरच्या परतवारीला तुमच्या गावी एवढी दुनिया लोटते, कयाधूच्या काठी बसून रेखाटनं करायला याहून चांगला वर्ग कुठला? माणूस एका जागी थांबत नाही, म्हणून रेघ झरझर आणि मोजकी काढायची सवय लागते. औंढा नागनाथ तर तुमच्याच जिल्ह्यात. देवळाचा खालचा जुना कोरीव भाग आणि वरचं नंतरच्या काळातलं शिखर यांतला फरक तिनं वहीत उतरवावा. एक दिवस नुसते हत्तीच काढ म्हणावं. आणि तुमचं गाव नामदेवांचं, शिंप्याच्या घरचं. कापड, सुई, ठिगळं जोडून केलेली गोधडी यांत संकल्पचित्राचे किती धडे आहेत ते तुम्हीच तिला दाखवू शकाल. पत्रात ओझरतं लिहिलंय ना, की गोधड्या तुम्ही स्वतः शिवता?

रोज एक रेखाटन, खाली तारीख. वाईट आलेलंही फाडायचं नाही. सहा महिन्यांनी पहिलं आणि शेवटचं पान तुम्ही आणि तिच्या वडिलांनी शेजारी ठेवून बघा. फरक दिसत नसेल तर मुलीशी मोकळेपणी बोला. दिसत असेल तर मग वडिलांनाच काय ते म्हणू द्या.

तुम्ही मधे पडू का म्हणून विचारलंत. पडा. पण लेकीची वकील होऊन नको. वर सांगितलेला हिशेब एका कागदावर घ्या, दोन्ही अभ्यासक्रमांचा, आणि हळदीची पट्टी झाल्यावर, घरात जरा स्वस्थता असताना, पुढ्यात ठेवा. शक्य झालं तर वडिलांनीच तिला घेऊन संभाजीनगरचं कॉलेज एकदा पाहून यावं. तिथं शिकणाऱ्या मुली बघितल्या की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी वसतिगृहाची असते. ते तुम्ही पाहा.

आता तुमची शेवटची विचारणा, साहित्य आणि चित्रं ठेवण्याची. सरावाला महाग कागद लागत नाही. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू उत्तम. कोळशाच्या कांड्या घरी करता येतात. वाळलेल्या तुराट्यांचे बोटभर तुकडे सोलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरा, झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडा आणि डबा चुलीत ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढा, पण पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत राख मिळेल. पोस्टर कलरचा डाग कपड्यावर पडला तर लगेच गार पाण्यानं धुवा. ॲक्रिलिक मात्र वाळलं की निघत नाही, त्या रंगाला जुना सदराच घालायचा. चित्रं धान्याच्या कणगीमागे ठेवू नका, तिथं ओल लागते आणि कसर कागद खाते. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, मधे एकेक साधा कागद, वर फडकं गुंडाळून ट्रंकेत, कडेला वाळलेला कडुलिंबाचा पाला. पावसाळा सरला की एकदा काढून सावलीत वारा द्या, उन्हात नको, रंग उडतात.