अपडेट करा, पण मालकाला विचारून

‘कॉम्प्युटरचं अपडेट कायमचं बंद कसं करायचं?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारे बहुतेक घरून काम करणारे असतात. कुणी शिकवण्या घेतं, कुणी रिटर्न भरून देतं, कुणी लग्नपत्रिका जुळवतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: कायमचं बंद करू नका. आणि त्याला जोडून लगेच दुसरं वाक्य: पण तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. ही दोन वाक्यं एकत्र कशी नांदतात ते जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब होईल, सांभाळून घ्या.

मुळात ‘अपडेट’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक दुरुस्ती, दुसरं नूतनीकरण. छप्पर गळतंय म्हणून गवंडी बोलावला, त्यानं गळती काढली, ठीक. पण जाता जाता त्यानं स्वयंपाकघरातला ओटाही हलवला, देवघर दुसऱ्या खोलीत नेलं आणि वर हॉलमध्ये एक जाहिरातीचा फलक टांगला, तर आपण त्याला काय म्हणू? घरच्या संगणकावर नेमकं हेच चालतं. सुरक्षेची भोकं बुजवणं जरुरीचं आहे, त्यावर वाद नाही. पण त्याच पोत्यात नवी बटणं, नवे ॲप, बदललेले मेनू भरून पोतं दारात टाकायचं आणि ‘घ्या नाहीतर चोर येतील’ म्हणायचं, याला माझा विरोध आहे.

हे कुठून सुरू झालं ते आठवून बघा. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं. जुनं विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना वर्षभर ते फुकट होतं. फुकट म्हटल्यावर लोक धावतील अशी अपेक्षा असणार, पण बऱ्याच जणांना आहे तेच बरं वाटत होतं. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातून खिडक्या यायला लागल्या. मे २०१६ मध्ये तर कहर झाला. ‘तुमचं अपग्रेड अमुक तारखेला ठरलं आहे’ अशी खिडकी यायची आणि ती बंद करायला लाल फुलीवर क्लिक केलं की त्याचा अर्थ ‘मान्य आहे’ असा धरला जायचा. फुली म्हणजे नको, हे सगळ्या जगाला शिकवलं कुणी? त्यांनीच. कॅलिफोर्नियातल्या टेरी गोल्डस्टीन या ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या बाई कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं असं की परवानगी न देताच अपग्रेड सुरू झालं, ते फसलं आणि कामाचा संगणक निकामी झाला. त्यांना १० हजार डॉलर मिळाले. मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य केली नाही, पण खर्च वाचवण्यासाठी अपील मागे घेतलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखांनीच एका मुलाखतीत ते जरा जास्तच झालं असं कबूल केलं.

बरं, सक्तीनं दिलेला माल निदान चोख असावा. ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटमध्ये काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स फोल्डरमधल्या फायलीच उडाल्या. काही दिवसांत ते अपडेट थांबवावं लागलं, नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा सोडलं. तक्रारींचं प्रमाण अगदी नगण्य, असा कंपनीचा खुलासा होता. असेल. पण ज्याचे मुलाच्या बारशाचे फोटो गेले, त्याच्यासाठी प्रमाण शंभर टक्केच ना? मार्च २०२१ मध्ये एका अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरला प्रिंट दिली की संगणक निळा पडायचा.

त्यात आपली परिस्थिती वेगळी. या गोष्टी ठरवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर अमर्याद ब्रॉडबँड आणि न जाणारी वीज असते. आपल्याकडे अजून कित्येक घरांत लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज, ते सकाळी दहालाच संपलं, आणि कशात गेलं ते कळतही नाही. गावाकडे तर ‘संगणक बंद करू नका’ ही पाटी स्क्रीनवर असताना लाइट जाते. महावितरणला काय माहीत तुमचं ३७ टक्के झालंय ते!

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर ही पोस्ट लोकांच्या नुकसानीचीच ठरेल. मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवतो? फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी आलेलं होतं. ज्यांनी घेतलं नाही ते सापडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. अपडेटवाले म्हणाले, बघा, सांगत होतो.

पण पुढच्याच महिन्यात, २७ जूनला नॉटपेट्या आला. तो पसरला युक्रेनमधल्या एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! हल्लेखोरांनी अपडेटची वाटच ताब्यात घेतली होती. एकदा आत शिरल्यावर तो चोरलेले पासवर्ड आणि वॉनाक्रायनं वापरलेलं तेच भोक वापरून पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचं कामकाज जगभर ठप्प झालं आणि त्याचा फटका थेट आपल्या न्हावा शेव्याला, जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलला बसला. म्हणजे सात आठवड्यांत दोन धडे. एकात अपडेट न घेणारा बुडाला, दुसऱ्यात घेणाराही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तेही विसरू नका.

म्हणून मी म्हणतो, अपडेट घ्यायचं, पण लगेच नाही आणि आंधळेपणानं नाही. फॉरमॅट मारून देणारे काही दुकानदार ‘अपडेट कायमचं बंद केलंय, आता टेन्शन नाही’ असं कौतुकानं सांगतात. तो संगणक बँकेच्या कामाला वापरू नका. शिवाय ते कायमचं राहतही नाही. विंडोज अपडेटची सर्व्हिस बंद केली तर ती परत चालू करणारी ‘मेडिक सर्व्हिस’ नावाची दुसरी सर्व्हिस आत बसलेली आहे. तुम्ही कुलूप लावायचं, तिनं रात्री येऊन काढायचं.

मी काय करतो ते सांगतो. सुरक्षेची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. त्याआधी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटमधून एक आठवड्याचं पॉज लावायचं. काही बिघाड असेल तर आठवड्यात जगभर बोंब होते. झाली नाही, तर रविवारी निवांत, लॅपटॉप चार्ज करून, महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर काढून, अपडेट घ्यायचं. पॉज जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं मिळतं, मग अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा लावता येत नाही. होम आवृत्तीला हीसुद्धा सोय २०१९ मध्ये मिळाली, तीही इतकी ओरड झाल्यावर. ॲक्टिव्ह अवर्समध्ये आपल्या कामाचे तास भरा, अठरा तासांपर्यंत भरता येतात, त्या वेळात तो आपणहून रीस्टार्ट होत नाही. हॉटस्पॉटवाल्यांनी त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ करून ठेवावं, डेटा बराच वाचतो. विंडोज ११ मध्ये ‘नवी अपडेट्स उपलब्ध होताच मिळवा’ अशा अर्थाचा एक खटका आहे, तो बंदच ठेवा. आणि ‘ऑप्शनल’ लिहिलेलं काहीही कारण नसताना घेऊ नका.

‘डाउनलोड करण्याआधी मला विचार’ असं पक्कं सांगायची सोय मात्र प्रो आवृत्तीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. होममध्ये नाही. म्हणजे ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे, फक्त तो महागड्या तिकिटावर आहे. तांत्रिक अडचण म्हणावी तर तीही नाही. लिनक्स मिंट फुकट मिळतं आणि त्यात मुळात अपडेटची यादी समोर येते, तुम्ही बटण दाबाल तेव्हाच काम सुरू होतं.

खरा प्रश्न इथे आहे, आणि तो सेटिंगनं सुटणारा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार आहेत. सतत भुणभुण लावणं, सक्तीची कृती, दिशाभूल होईल अशी बटणांची मांडणी हे सगळं त्यात आहे. आपण ते शॉपिंग ॲपपुरतं समजतो. माझ्या मते ‘आत्ता करा’ आणि ‘नंतर आठवण करा’ एवढीच दोन बटणं देणारी, ‘नको’ हे बटणच नसलेली खिडकी याच यादीत बसते.

ओरड केल्यावर काय होतं त्याचं ताजं उदाहरण देतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. एक वर्ष जास्तीची सुरक्षा अपडेट्स फुकट हवी तर आपली सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर सिंक करा, नाहीतर पॉइंट्स किंवा ३० डॉलर द्या, अशी अट होती. युरोपात ग्राहक संघटनांनी हरकत घेतली आणि तिथल्यापुरती क्लाउडची अट गेली. आपल्याला मात्र आहे तीच अट. मुंबई ग्राहक पंचायत सत्तरच्या दशकापासून आपल्याकडे काम करते आहे. तेल-साखरेच्या प्रश्नांवर उभी राहिलेली ही चळवळ या प्रश्नातही उतरायला हवी, असं मला वाटतं.

तोवर आपण करायचं ते एवढंच: पुढच्या वेळी ‘नको’ नसलेली खिडकी आली की चिडून बंद करण्याआधी मोबाइलनं तिचा फोटो काढा. तारीख, वेळ, विंडोजची आवृत्ती लिहून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक खाली कमेंटमध्ये टाका. पाच-पन्नास जमले की एकत्र करून पाठवू.