सोनोरीच्या माळावर

थंडी पडली की ट्रेकच्या याद्या निघतात आणि त्यांत दाट जंगलं, उंच कडे आधी येतात. यंदा सासवडजवळच्या सोनोरी गावातून मल्हारगड चढावा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. गड लहान, चढही फार नाही. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो अठराव्या शतकात बांधला. पण आमचं मन रमतं ते भोवतीच्या गवताळ टेकड्यांत. सावली जवळपास नाहीच, म्हणून उजाडताच निघा, माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी घ्या. पँट जाड हवी. कुसळाला पिळदार शेपटी असते; दवानं तिचा पीळ सुटतो, उन्हात पुन्हा बसतो, आणि तसं फिरत फिरत बी जमिनीत शिरतं. मोजे आयते सापडले तर त्यांतही! पायवाट सोडू नका. टिटवी, चंडोल जमिनीवरच घरटी करतात. वाळल्या गवतात काडी तर कुणी ओढूच नये. असे माळ पडीक समजून सरसकट झाडं लावणं आम्हाला मुळीच पटत नाही. लांडगा, खोकड आणि धनगरांची मेंढरं याच उघड्या माळांवर जगतात.