रिहॅबचं ट्रेनिंग मोफत आणि मोबाइलवर! पण पेशंटपर्यंत ते पोहोचतं का?

महाराष्ट्रात 'पुनर्वसन' म्हटलं की आधी धरणग्रस्त आठवतात, नाहीतर किल्लारीच्या भूकंपानंतर नव्याने वसवलेली गावं. आरोग्याच्या क्षेत्रात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या हाताने घास घेता यावा, अपघातात पाय गमावलेल्याला कृत्रिम पाय लावून कामावर जाता यावं, अडखळणाऱ्या पेशंटला पुन्हा बोलता यावं, यासाठी जे उपचार आणि सराव लागतो त्याला वैद्यकीय पुनर्वसन म्हणतात. बोलताना आपण त्याला 'रिहॅब' म्हणतो.

फिजिओथेरपी हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा भाग. ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, कृत्रिम अवयव, व्हीलचेअर आणि कानाचं मशीन हेही त्यातच येतं.

ऑपरेशन करून डॉक्टर जीव वाचवतात. त्यानंतर माणूस उभा राहतो की अंथरुणाला खिळतो, हे बऱ्याचदा रिहॅबवर ठरतं. अडचण अशी, की जगात ते देणारी प्रशिक्षित माणसं फार कमी आहेत. ही कमतरता भरून काढण्यासाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक मार्ग पुढे आलाय: आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मोफत ऑनलाइन प्रशिक्षण. या मार्गाने नेमकं काय साधतं आणि कुठे अडतं, ते पाहूया.

गरज किती मोठी आहे?

'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० च्या डिसेंबरमध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये जगातल्या सुमारे २४१ कोटी लोकांना असा काही ना काही त्रास होता, ज्यात रिहॅबचा फायदा झाला असता, असं त्यात म्हटलंय. म्हणजे दर तीन माणसांमागे साधारण एक. १९९० च्या तुलनेत हा आकडा ६३ टक्क्यांनी वाढला. यादीत सगळ्यांत वर हाडं, सांधे आणि स्नायूंचे त्रास आहेत. कंबरदुखी त्यातलीच.

दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्न गटातल्या देशांत दर दहा लाख लोकांमागे रिहॅबचे दहासुद्धा कुशल कर्मचारी नाहीत. अशा काही देशांत गरज असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना ही सेवा मिळतच नाही.

संघटनेने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'रिहॅबिलिटेशन २०३०' हा उपक्रम सुरू केला. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या विषयावर स्वतंत्र ठराव केला. रिहॅब ही चैन नसून आरोग्यसेवेचा मूळ भाग आहे, असा त्याचा सूर होता. पण एक फिजिओथेरपिस्ट तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर काय? इथेच ऑनलाइन प्रशिक्षण पुढे येतं.

मोफत म्हणजे नेमकं काय मिळतं?

पहिलं उदाहरण मज्जारज्जूच्या इजेचं. दरवर्षी जगात अडीच ते पाच लाख लोकांच्या मज्जारज्जूला इजा होते, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मांडला होता. अशा माणसांना अकाली मृत्यूचा धोका इतरांपेक्षा दोन ते पाच पट जास्त असतो. यातले अनेक मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. कमरेखाली संवेदना नसल्यामुळे एकाच जागी बसून किंवा पडून कातडीवर दाब येतोय हे पेशंटला कळत नाही. तिथला रक्तपुरवठा थांबतो, जखम होते, ती चिघळते आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. याला बेडसोर म्हणतात. वेळेवर कूस बदलणं आणि योग्य गादी एवढ्यानेही तो बऱ्याच अंशी टळतो. पण हे नर्सला आणि घरच्यांना कुणीतरी शिकवावं लागतं.

त्यासाठी २०१२ मध्ये 'ईलर्न एससीआय' हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू झाला. आंतरराष्ट्रीय स्पायनल कॉर्ड सोसायटीच्या या प्रकल्पाचं नेतृत्व दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरचे डॉ. एच. एस. छाबडा यांच्याकडे होतं. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, समुपदेशक अशा प्रत्येकासाठी त्यात वेगळे धडे आहेत.

दुसरं उदाहरण 'फिजिओपीडिया'चं. ब्रिटनमधल्या या संस्थेची वेबसाइट म्हणजे फिजिओथेरपीचा खुला ज्ञानकोश. तिचं काही प्रशिक्षण पैसे भरून मिळतं, तर काही कोर्स जगभरासाठी मोफत असतात. २०२० मध्ये कोव्हिड पेशंटच्या फिजिओथेरपीवर तिने मोफत कोर्स घेतला. युद्धानंतर युक्रेनमधल्या कर्मचाऱ्यांसाठी युक्रेनी भाषेतही साहित्य आलं.

तिसरं उदाहरण जागतिक आरोग्य संघटनेच्या 'टॅप' या प्रशिक्षणाचं. काठी, वॉकर, वाचायचा चष्मा अशी साधी साधनं कशी द्यायची हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना त्यात शिकवतात. पद्धत चार पायऱ्यांची आहे: साधन निवडा, मापात बसवा, वापरायला शिकवा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. आपल्याकडे साधनवाटपाच्या शिबिरात पहिल्या दोन पायऱ्या झाल्या तरी पुष्कळ. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत गाडी क्वचितच जाते. मग मापाची नसलेली काठी दाराआड उभी राहते आणि चुकीच्या व्हीलचेअरमुळे बेडसोर होतो.

ऑनलाइन शिकून खरंच येतं का?

काही प्रमाणात येतं, आणि ते तपासलंही गेलंय.

बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर इथे सीआरपी हे मज्जारज्जूच्या पेशंटसाठीचं मोठं केंद्र आहे. व्हॅलेरी टेलर या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टने ते १९७९ मध्ये सुरू केलं. बांगलादेशातल्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला गाजावाजा करून चालवलेला, चर्चा आणि वेळापत्रक असलेला ऑनलाइन कोर्स दिला. दुसऱ्या गटाला तेच धडे आपापल्या गतीने वाचायला सांगितले. दोन्ही गटांच्या निकालात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

याचा अर्थ काय? धडे चांगले असतील आणि विद्यार्थ्याला आधीचा पाया असेल, तर साध्या ऑनलाइन मजकुरावरही काम भागू शकतं. त्याला चकचकीत स्टुडिओ लागत नाही. गरीब देशांसाठी ही चांगली बातमी आहे.

पण या प्रयोगात शिकणारे फिजिओथेरपीचेच विद्यार्थी होते आणि तपासलं गेलं ते त्यांचं ज्ञान आणि आत्मविश्वास. पेशंट त्यामुळे लवकर बरे झाले का, हा वेगळा प्रश्न आहे.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण हाताच्या कौशल्याची. आखडलेला खांदा किती ताणायचा, पेशंटला खाटेवरून खुर्चीत घेताना स्वतःची कंबर कशी सांभाळायची, हे व्हिडिओत दिसतं. अंगवळणी पडतं ते शेजारी उभं राहून कुणी चूक दाखवली की. म्हणूनच 'टॅप'मध्येही ऑनलाइन धड्यांना प्रत्यक्ष सरावाची जोड दिलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं व्हीलचेअरचं मूलभूत प्रशिक्षणही ३५ ते ४० तास प्रत्यक्ष शिकवायचं म्हणूनच आखलंय. त्याची पुस्तकं फुकट डाउनलोड होतात, पण पेशंटच्या मापाची खुर्ची हातानेच जुळवावी लागते.

मुंबईचा इतिहास हेच सांगतो. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. त्यानंतर लगेचच, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, तिथेच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. भारतात या दोन्ही व्यवसायांची मुळं अशी वॉर्डात, पेशंटच्या खाटेशेजारी रुजली.

दुसरी अडचण भाषेची. बहुतेक कोर्स इंग्रजीत आहेत. पदवीधर फिजिओथेरपिस्टचं त्यात भागतं. पण खेड्यात पेशंटच्या घरी जाणारी आशाताई किंवा उपकेंद्रातली नर्स यांच्यासाठी मराठी हवी, तीसुद्धा पुस्तकी नको. 'शय्याव्रण' लिहून उपयोग नाही, 'पाठीला जखम होते' असं सांगायला हवं.

तिसरी अडचण पदांची. कोर्स करून कर्मचारी शिकला, पण त्याच्या केंद्रात थेरपिस्टचं पदच नसेल, वॉकर आणि गादी नसेल, तर शिकलेलं वापरणार कुठे?

घरच्यांनाच शिकवलं तर?

माणसं कमी आहेत, तर घरच्यांनाच शिकवू, हा विचार सरळ वाटतो. भारतात तो करूनही पाहिलाय. 'अटेंड' नावाच्या अभ्यासात १४ रुग्णालयांतले स्ट्रोकचे १,२५० पेशंट होते. त्यातल्या निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि देखभालीचं प्रशिक्षण दिलं. बाकीच्यांना नेहमीचे उपचार मिळाले.

निकाल २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. सहा महिन्यांनंतर मृत्यू झालेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या पेशंटचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होतं. फरक शून्य.

घरच्यांनी शिकू नये, असा याचा अर्थ नाही. कूस बदलणं, भरवणं, उठवून बसवणं हे त्यांनाच करायचं असतं आणि ते नीट येणं गरजेचंच आहे. पण थोडं शिकवून थेरपिस्टची जागा भरून निघेल, या समजुतीला मात्र या निकालाने धक्का दिला. हे प्रशिक्षण तर प्रत्यक्ष भेटून दिलं होतं. मग फक्त व्हिडिओची लिंक पाठवून काय होईल, याचा अंदाज बांधता येतो.

मोफत आहे, पण पैसे कोण देतं?

शिकणाऱ्याला फुकट असलेल्या कोर्सचा खर्च कुणीतरी उचललेला असतो. धडे लिहिणारे तज्ज्ञ, भाषांतर, सर्व्हर, दर दोन-तीन वर्षांनी मजकूर ताजा करणं, याला पैसे लागतात. ते बहुधा देणगीदार संस्थांकडून किंवा श्रीमंत देशांच्या सरकारांकडून येतात.

'रीलॅब-एचएस' हा असाच एक कार्यक्रम. अमेरिकेच्या 'यूएसएड'चा निधी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं नेतृत्व आणि नेपाळ, पाकिस्तान, म्यानमार, युगांडा, युक्रेन हे देश. फिजिओपीडिया त्यात भागीदार होती. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेची परदेशी विकास मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी 'यूएसएड'चे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर केलं. एका देशात सत्ता बदलली की दुसऱ्या देशातल्या प्रशिक्षणावर टांगती तलवार येते, ती अशी. आपल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आपल्याच आरोग्य बजेटमध्ये असलं पाहिजे, असं म्हणतात ते यासाठीच.

सर्टिफिकेट मिळालं म्हणजे थेरपिस्ट झालो का?

नाही. सोशल मीडियावर 'फ्री इंटरनॅशनल सर्टिफिकेट' अशा पोस्ट फिरतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. हे कोर्स आधीच पात्र असलेल्यांचं ज्ञान वाढवण्यासाठी असतात. त्यातून पदवीही मिळत नाही आणि प्रॅक्टिस करायचा परवानाही.

भारतात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी २०२१ चा राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा आहे. स्पीच थेरपी, कृत्रिम अवयव बसवणं अशा व्यवसायांची नोंदणी १९९२ च्या कायद्याखालची भारतीय पुनर्वास परिषद पाहते. पेशंट म्हणून जाताना भिंतीवर किती सर्टिफिकेटं लावलीत हे मोजण्यापेक्षा, नोंदणी क्रमांक आहे का ते विचारावं.

आणि तुम्ही स्वतः या क्षेत्रात शिकत असाल तर नाव नोंदवण्याआधी चार गोष्टी पाहा. धडे कुणी लिहिलेत आणि त्यांची नावं दिलीत का? मजकूर शेवटचा कधी बदलला? कोर्स मोफत, पण सर्टिफिकेटचे पैसे, असा प्रकार आहे का? आणि शिकलेलं तपासून देणारा अनुभवी माणूस तुमच्या आसपास आहे का? चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर आधी तो शोधा.

पुढे काय?

अशा कोर्सचं यश सांगताना किती देशांतल्या किती लोकांनी नाव नोंदवलं, हा आकडा पुढे केला जातो. तो मोजायला सोपा असतो. पण खरी तपासणी पेशंटच्या घरी होते. डिस्चार्जनंतर सहा महिन्यांनी त्याच्या पाठीला जखम आहे का? तो स्वतः संडासला जातो का? दिलेली काठी वापरात आहे की दाराआड?

ऑनलाइन धडे पूर्वी ग्रंथालयात कुलूपबंद असलेलं ज्ञान गावातल्या मोबाइलपर्यंत आणू शकतात, आणि हे काम छोटं नाही. पण त्यापुढचं, म्हणजे स्थानिक भाषेत शिकवणं, सरावाला अनुभवी माणूस देणं, पद भरणं आणि साधनं पुरवणं, कुठलीही वेबसाइट करून देणार नाही. ते काम सरकारचं आणि रुग्णालयांचं आहे, आणि त्यासाठी पैसे लागतात.