सहा इंचांची पायरी

माझ्या मोठ्या जाऊबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात अधू झाला. महिनाभर त्या नुसत्या बसून. ‘आता माझ्या हातून काय व्हायचंय?’ हेच पालुपद. मग शेजारच्या सुताराने एका फळीला खालून दोन खिळे ठोकून दिले. वर आलेल्या टोकांवर कांदा रोवायचा आणि डाव्या हाताने चिरायचा. फळीखाली ओलं फडकं टाकलं की ती सरकत नाही. खर्च चहापाण्याचा. पहिली भाजी खारट झाली, सगळ्यांनी मुकाट खाल्ली!

अपंगांसाठी साधन म्हटलं की आपल्याला महागडं यंत्रच आठवतं. पण जाड दांड्याचा चमचा, साखरेची बरणी ओळखायला अडकवलेलं रबरबँड, न्हाणीघरातला धरायचा दांडा ही सगळी साधनंच की! जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटींहून जास्त लोकांना असं एखादं तरी साधन लागतं, अगदी चष्मासुद्धा त्यात आला. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत सुमारे १ कोटी १८ लाख स्त्रिया. पुढे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, म्हणजे खरा आकडा मोठाच असणार.

मग अडतं कुठे? शिबिरात व्हीलचेअर मिळते, फोटो निघतो. घरी आल्यावर कळतं, ती न्हाणीघराच्या दारातून जातच नाही. माप घेतलंय कुणी? रॅम्पचंही तेच. एक इंच चढाला एक फूट लांबी, हा साधा हिशेब. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार हवा. कितीतरी कचेऱ्यांत मात्र घसरगुंडीच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचा २०१७ चा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत आणा, असं केंद्राला सांगितलं. इतकी वर्षं सगळं मर्जीवरच चाललं होतं ना!

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत विचारा, त्यातून काय घेतलं आणि ते कुणाला विचारून?

आमच्या न्हाणीघरातला दांडा अजून बसायचाय. गवंडी दोनदा ‘उद्या येतो’ म्हणून गेलाय. तोवर जाऊबाई दाराची कडी धरून उठतात.